चौदावा रकाना

आमची लाइन बंद होणार याचा पहिला सुगावा मला स्टोअरमधून लागला. कन्व्हेयरच्या ड्राइव्हसाठी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रासाठी, एक साधं कार्ड हवं होतं. नेहमीसारखी मागणी टाकली, तर उत्तर आलं, ‘सध्या थांबा.’ आठ वर्षांत त्या कार्डाला कुणी थांबा म्हटलं नव्हतं. पंधरा दिवसांनी रीतसर बैठक झाली, पत्रं वाटली, सहा महिन्यांची मुदत मिळाली. सगळे चकित झाल्यासारखे दिसत होते. मला कळायचं ते त्या ‘सध्या थांबा’मध्येच कळलं होतं.

मी ऑटोमेशनची कामं करते. पीएलसी (मशीनला आज्ञा देणारा छोटा संगणक), ड्राइव्ह, सेन्सर, पॅनेल. मशीन का थांबलं ते शोधायचं आणि ते परत चालू करायचं. आमचं काम कारखाना असेल तिथेच असतं, त्यामुळे नोकरी गेली की बहुतेकदा गावही सुटतं. नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि मी. जायचं हे ठरलेलंच होतं, कुठे जायचं ते ठरायचं होतं.

मी शहाण्यासारखी एक्सेल शीट उघडली. तीन शहरं होती. त्यांची नावं नकोत, आम्ही घरात म्हणायचो तसंच म्हणते : मोठं, जवळचं आणि बंदरवालं. तेरा रकाने आखले. पगाराचा अंदाज, घरभाडं, घर ते कारखाना अंतर, शाळा, दवाखाना, पाणी, हवा, माझ्या कामाचे कारखाने किती, नवऱ्याला काम मिळेल का, वगैरे. प्रत्येक रकान्याला वजन दिलं, बेरीज केली. मोठं शहर पहिलं आलं, जवळचं दुसरं. बंदरवालं तिसरं, आणि तेही चांगलंच मागे पडून तिसरं.

आज आम्ही बंदरवाल्या शहरात राहतो. दीड वर्ष झालं.

याची सुरुवात आधीच्या एका रात्रपाळीत झाली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या वेळी एका पॅकिंग मशीनचा ड्राइव्ह सारखा ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता. दर चाळीस मिनिटांनी एकदा, अगदी घड्याळ लावल्यासारखा. फॉल्ट कोड ओव्हरव्होल्टेजचा. मी सप्लाय तपासला, ठीक. केबल तपासल्या, ठीक. रात्रीचे अडीच वाजले होते, सुपरवायझर पाठीशी उभा होता आणि मला काही सुचत नव्हतं. व्हॉट्सॲपवर आमच्या कामातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, चारेकशे जणांचा. तिथे कोडचा फोटो टाकला. अडीच वाजता कोण जागं असणार? पण एक जण होता. त्याच्या डीपीवर माणसाचा चेहरा नव्हता, डोकं फुगलेला एक कपॅसिटर होता, सर्किटमध्ये वीज साठवणारा तो छोटा डबा. त्याने विचारलं, ‘ताई, चालताना ट्रिप होतंय की थांबताना?’

हे मी बघितलंच नव्हतं. बघितलं. थांबताना. दर चाळीस मिनिटांनी रोल बदलायला मशीन थांबायचं आणि तेव्हाच जायचं.

‘मग ब्रेकिंग रेझिस्टर मोजा. ओपन असणार.’

मल्टिमीटर लावला. काटा हललाच नाही म्हणायची जुनी पद्धत, आमच्या मीटरवर नुसतं ‘ओएल’ आलं. रेझिस्टर आतून तुटलेला. थांबताना मोटर जी ऊर्जा उलटी फेकते तिला जायला जागाच नव्हती, म्हणून ड्राइव्ह वैतागत होता. तासाभरात लाइन सुरू झाली.

त्या माणसाचं नाव मला त्यानंतर दीड वर्षाने कळलं. तो बंदरवाल्या शहरात असतो हे तर त्याहून उशिरा. मी त्याला मनात कपॅसिटरच म्हणते, इथेही तेच म्हणते.

तर, शीट झाली तेव्हा नवऱ्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘यात ओळखीचं कुणी आहे का, तो रकाना कुठाय?’ मी म्हटलं, ओळखी काय कुठेही होतात. तो म्हणाला, ‘तुझ्या होतात.’ मग मी चौदावा रकाना आखला आणि ग्रुपवर विचारलं : या तीन शहरांत कोण कोण आहे, तिथे काम आणि राहणं कसं आहे?

दोन दिवसांत अडतीस जणांनी उत्तरं दिली. मोठ्या शहरातून तेवीस, जवळच्यातून नऊ, बंदरवाल्यातून सहा. तेवीस, नऊ, सहा. चौदावा रकाना भरला तरी मोठं शहरच पुढे. मला बरं वाटलं, गणित जुळलं होतं.

त्याच सुमारास मी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरचं १९७३चं ते प्रसिद्ध संशोधन वाचलं, दुबळ्या नात्यांच्या, म्हणजे जुजबी ओळखींच्या, ताकदीबद्दलचं. त्यातल्या एका आकड्यावर मी थबकले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ लोकांना त्याने विचारलं होतं की ज्याच्यामुळे नोकरी कळली तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारे होते जेमतेम १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबच्याकडून येते.

माझ्याबाबतीत हे शब्दशः खरं ठरलं. ज्या जागेवर मी आज काम करते तिची खबर कपॅसिटरकडून आली नाही. ती आली अशा एका माणसाकडून, ज्याच्याशी माझं तीन वर्षांपूर्वी एका एन्कोडरच्या वायरिंगवरून दोन मेसेजचं बोलणं झालं होतं. दोन मेसेज. त्यातला एक नुसता अंगठा. त्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला वेगळा मेसेज केला : आमच्या शेजारच्या प्लांटमध्ये जागा निघतेय, जाहिरात अजून आलेली नाही.

हल्ली हे मोठ्या प्रमाणावर तपासूनही झालंय. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. लिंक्डइनवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून जी नावं पुढे येतात, त्यांत पाच वर्षं मुद्दाम फेरफार करून २ कोटींहून जास्त लोकांचं काय झालं ते पाहिलं होतं. नोकरी बदलायला दुबळी नाती खरंच जास्त उपयोगी पडली, पण एका मर्यादेपर्यंतच. अगदीच तुटपुंजी ओळख असेल तर उपयोग पुन्हा कमी होत जातो. अंगठ्याच्या जोरावर मला नोकरी कळली म्हणजे मी बहुधा त्या मर्यादेच्या अगदी काठावर उभी होते.

पण नोकरी कळणं वेगळं आणि त्या गावात बिऱ्हाड हलवणं वेगळं. तशी बातमी मोठ्या शहरातूनही आली होती, दोन ठिकाणची, आणि त्यातल्या एकीचा पगार जास्त होता.

मला खरी भीती कामाची नव्हतीच. भीती एका विशिष्ट संध्याकाळची होती. ब्रेकडाउन निघालाय, मी पॅनेलमध्ये हात घालून बसलेय, नवरा गावात नाही आणि शाळेतून फोन आलाय की मुलीला ताप आहे. माझ्या जुन्या गावात अशा वेळी मी कुणाला फोन करायचे ते मला न आठवता आठवायचं. म्हणून त्या अडतीसच्या अडतीस जणांना मी एकच प्रश्न पाठवला : पहिल्याच महिन्यात असं झालं तर तुम्ही कुणाला फोन कराल?

मोठ्या शहरातल्या लोकांनी मनापासून उत्तरं दिली, हे आधी सांगते. दवाखान्यांची नावं दिली, चोवीस तास डॉक्टर मिळणाऱ्या ॲपचं नाव दिलं, एकाने पाळणाघरांची यादीच पाठवली, तीही रेटिंगसकट. बंदरवाल्यातल्या एका बाईंनी एकच ओळ लिहिली : ‘मी शिफ्टला असले तर वर्कशॉपवाले दादा जवळ राहतात, त्यांच्या घरी सांगते.’

मी ‘बरं’ लिहून फोन बाजूला ठेवला. दहा मिनिटांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘नमस्कार मॅडम, वर्कशॉपमधून बोलतोय. तुम्ही येताय म्हणे?’

मी येत नव्हते. माझी शीट तर मला मोठ्या शहरात पाठवत होती. पण त्या ‘येताय म्हणे’मध्ये काहीतरी होतं. माझ्याबद्दल तिथे, माझ्या पाठीमागे, दोन माणसं एकमेकांशी बोलली होती. मोठ्या शहरातली तेवीस माणसं माझ्याशी बोलली होती, आपसात कुणी बोललं नव्हतं. बोलणार कसं? मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती एकमेकांना ओळखतच नाहीत. तेवीस जणांत २५३ जोड्या होऊ शकतात. त्यांतल्या मला चारच जोड्या खऱ्या सापडल्या. बंदरवाल्या सहा जणांत पंधरा जोड्या होतात. पंधराच्या पंधरा ओळखीच्या होत्या. एक जण दुसऱ्याच्या लग्नात पॅनेलवाल्यासारखा दिवे लावत फिरला होता, इथपर्यंत.

चौदाव्या रकान्यात मी चुकीची गोष्ट मोजत होते.

नंतर मला याच विषयावरचं रवांडातलं संशोधन वाचायला मिळालं. जोशुआ ब्लूमेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोबाइल फोनच्या नोंदींवरून लाखो लोकांचं स्थलांतर पाहिलं होतं, कोण कुणाला फोन करतो आणि मग कुठे जाऊन राहतो असं. ओळखींचे दोन उपयोग असतात, माहिती मिळणं आणि आधार मिळणं, आणि हे दोन एरवी वेगळे काढता येत नाहीत. त्यांना असं दिसलं की सरासरी स्थलांतर करणाऱ्याला दूरवर पसरलेल्या, भरपूर माहिती पुरवणाऱ्या जाळ्यापेक्षा एकमेकांत गुंतलेल्या माणसांच्या जाळ्याचा फायदा जास्त होतो. मी ते वाचलं आणि नवऱ्याला म्हटलं, बघ, पंधराला पंधरा. तो म्हणाला, ‘आता काय ते लोक येऊन सामान उचलणार आहेत का?’ (उचललं. ते पुढे.)

तरी मी लगेच हुरळले नाही, याचं थोडं श्रेय मला घेऊ द्या. आमच्या कामात एक सवय लागते. जो सेन्सर सिग्नल देतोय त्याच्याइतकंच लक्ष जो देत नाही त्याच्याकडे द्यायचं. ग्रुपवर बोलतात कोण? जे टिकले ते. ज्यांचं जमलं नाही ते गप्प होतात किंवा निघून जातात. व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी फक्त साठ दिवसांपर्यंतची दाखवतं, त्याने फार काही मिळालं नाही. मग मी जुन्या मेसेजांत मागे मागे गेले. तीन रात्री लागल्या. बंदरवाल्या शहराबद्दल पूर्वी उत्साहाने लिहिणारी आणि नंतर एकदम बंद झालेली तीन माणसं सापडली. तिघांना मेसेज केले. एकाने उत्तर दिलं, तेही आठवड्याने, आणि म्हणाला फोनच करा.

तो अकरा महिन्यांत परतला होता. खाऱ्या हवेने कनेक्टर किती लवकर गंजतात, पॅनेलमध्ये हिवाळ्या-पावसाळ्याचा भेद न करता हीटर चालू ठेवावे लागतात, हे त्याने सांगितलं. ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण तो त्यासाठी परतला नव्हता. त्याच्या बायकोला तिथे काम मिळालं नाही. ती दिवसभर घरात, आणि ओळखीची सगळी माणसं नवऱ्याच्या कामातली. ‘त्या सगळ्यांच्या बोलण्यात ड्राइव्ह आणि शिफ्ट. ती म्हणायची, मी तुमच्या ग्रुपमध्ये राहायला आलेय, गावात नाही.’

मी विचारलं, हे तुम्ही ग्रुपवर का नाही लिहिलं?

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काय लिहिणार? घर त्यांनीच बघून दिलं होतं.’

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जी माणसं एकमेकांना धरून असतात, त्यांच्या गावाची वाईट बातमी त्यांच्यामार्फत कधीच येणार नाही. कुणी लपवतं म्हणून नव्हे, उपकाराची भीड असते म्हणून. मोठ्या शहरातले ते सुटे सुटे तेवीस लोक शहराला बिनदिक्कत शिव्या घालत होते, कारण त्यांना कुणाचं देणं नव्हतं. नोंद ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्यांच्या शिव्या ऐकून मी मोठ्या शहराचे गुण कापले आणि बंदरवाल्यांच्या शांततेला पूर्ण गुण दिले होते.

आणखी एक फरक मला तेव्हाच दिसला. ग्रुपमध्ये पुरुषांची उत्तरं सगळ्यांसमोर आली : पगार, ओव्हरटाइम, भाडं. बायकांची उत्तरं खासगीत आली. रात्रपाळीनंतर कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, कुठल्या प्लांटच्या फ्लोअरवर बायकांसाठी स्वच्छतागृह खरोखर आहे आणि कुठे ते नकाशावर आहे, कुठल्या साहेबाबरोबर साइटवर एकटीने जायचं नाही. यांतलं एक अक्षरही मला चारशे लोकांच्या ग्रुपवर कधी वाचायला मिळालं नसतं. या बायका ग्रुपमध्ये मोजून तीन होत्या. माझा निम्मा निर्णय त्या तिघींनी घेतला असं म्हटलं तरी चालेल, आणि शीटमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

मधल्या काळात एक फसवणूकही होता होता राहिली, ती थोडक्यात उरकते. ग्रुपवरच्या कुणाच्या तरी ओळखीने एक ‘रिक्रूटर’ आला, मोठ्या शहरातली जागा, पगार भलताच चांगला, मुलाखत फोनवर पंधरा मिनिटांची, आणि मग कागदपत्रांच्या पडताळणीसाठी आधी पैसे भरा. पैसे मागितल्याबरोबर मी थांबले. ग्रुपमधल्या एका मुलाने भरले होते. त्याने ते लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर सांगितलं. ज्याच्या ओळखीने तो माणूस आला होता त्यालाही तो कोण ते माहीत नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवरून नंबर उचलला होता. ओळखीची साखळी दिसायला साखळी असते, कड्या प्रत्यक्षात मोजाव्या लागतात.

मुलाखत झाली, होकार आला, आणि मी चार दिवस तिकडे जाऊन आले. नवऱ्याला मुद्दाम बरोबर नेलं. सहा जणांनी सांगितलेल्या गोष्टी मी वहीत लिहून नेल्या होत्या आणि एकेक टिक करत होते. निम्म्या बरोबर निघाल्या. भाड्याचा आकडा चुकला होता, कारण सांगणाऱ्याने स्वतः सहा वर्षांपूर्वी घर घेतलं होतं आणि तेव्हापासून चौकशीच केली नव्हती. ‘कारखाना वीस मिनिटांवर’ हे वीस मिनिटं मोटरसायकलने, रात्री, एकट्याने. सकाळी मुलीला शाळेत सोडून बसने गेलं की पन्नास. खोटं कुणी बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपलं स्वतःचं शहर सांगितलं होतं. एकट्या तरुणाचं शहर आणि शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आईचं शहर नकाशावर एकच असलं तरी वेगळं असतं.

नवरा मात्र चारही दिवस शांत होता. परतीच्या प्रवासात म्हणाला, ‘तुझे सहा आहेत. माझं कोण आहे तिथे?’

त्या परतलेल्या माणसाची बायको मला आठवली. मी तिचा किस्सा त्याला आधी सांगितला नव्हता, घाबरेल म्हणून. तेव्हा सांगितला. तो हिशेबाची कामं करतो, बरंचसं घरून करता येतं. त्याने मग स्वतः त्याच्या क्षेत्रातल्या लोकांमध्ये शोध घेतला आणि त्याला तिथला एक जण मिळाला, बारा वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या तयारीत ऑनलाइन भेटलेला, नंतर कधी न बोललेला. एक माणूस. मी विचारलं, एक पुरेल? तो म्हणाला, शून्य आणि एकमध्ये जेवढा फरक आहे तेवढा एक आणि सहामध्ये नसतो. हिशेबाच्या माणसाचं गणित म्हणून मी ते मान्य केलं.

सामानाची गाडी पोचली त्या दिवशी सहापैकी चार जण आले. घरमालकाला गावातल्या कुणाची तरी ओळख हवी होती, ती वर्कशॉपवाल्या दादांनी दिली, भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. मला त्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला तो सही करताना. कपाट जिन्यातून चढत नव्हतं तेव्हा चौघांनी मिळून ते ज्या शिस्तीने तिरकं केलं, तेही बघण्यासारखं होतं. एक जण वर, एक खाली, एक नुसता ‘थांब, थांब, आता’ म्हणणारा. नवं मशीन बसवून चालू करतात तसं कमिशनिंगच चाललेलं.

आणि तापाची ती संध्याकाळ आलीच. पहिल्या महिन्यात नाही, तिसऱ्या. मी आधीच्या उत्तरातल्या क्रमानेच फोन केले आणि दुसऱ्या फोनला माणूस मिळाला. यावर जास्त लिहित नाही. त्या एका संध्याकाळसाठी मी तेरा रकाने बाजूला ठेवले होते आणि ती संध्याकाळ चाळीस मिनिटांत निभावली.

आता जे चुकलं ते.

पगार ठरवताना मी त्या सहा जणांना विचारून गेले होते. ते जेवढं घेत होते त्याच्या जरा वर मी मागितलं आणि ते लगेच मान्य झालं. इतकं लगेच मान्य होतं तेव्हा समजावं की आपण कमी मागितलं. चार महिन्यांनी माझ्याच हुद्द्यावर एक जण आला, या गावात त्याच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. त्याने मोठ्या शहराचे आकडे डोक्यात ठेवून मागितलं होतं आणि त्याला माझ्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त मिळालं. माझ्या सहा जणांनी मला घर दिलं, साक्षीदार दिला, तापाला माणूस दिला, आणि त्यांच्याच पगाराची पट्टीही दिली. एकमेकांना ओळखणाऱ्या सहा जणांकडे आकडा एकच असतो. सहा जणांना विचारलं म्हणून सहा मतं मिळाली असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुसरं, आम्ही सगळे दोनच कारखान्यांत आहोत. मागच्या तिमाहीत ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा सगळ्यांचा ओव्हरटाइम एकाच आठवड्यात बंद झाला. कुणाकडे उसने मागायची सोय राहिली नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. आधार देणारं जाळं एकाच खांबाला बांधलेलं असेल तर खांब हलला की सगळंच हलतं. हे मला आधी दिसायला हवं होतं. सहाही जणांनी कंपनीची नावं सांगितली होतीच, मी ती जोडून बघितली नाहीत.

असं ओळखीमागून ओळख जाणं नवं नाही. २०१८ साली अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जिल्ह्या-जिल्ह्यांमधली फेसबुक मैत्री मोजली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीची मैत्री दूरच्या ओक्लाहोमाशी विलक्षण दाट दिसली. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती बुडाली आणि तिकडचे लोक कामाच्या शोधात इकडे आले, त्याचा तो माग. ऐंशी वर्षांनी, पणतवंडांच्या फोनमध्ये. मला तो नकाशा आवडतो. त्यांच्याकडे पत्रं होती, आपल्याकडे फुगलेल्या कपॅसिटरचे डीपी आहेत.

कपॅसिटर. ज्याच्या एका प्रश्नावरून माझा या गावातल्या माणसांवर विश्वास बसला, त्याला मी दीड वर्षात दोनदाच भेटलेय. सामान आलं त्या दिवशी तो शिफ्टला होता. पहिली भेट पुढे महिन्याने कारखान्याच्या गेटवर झाली. मी त्याला पन्नाशीचा, जाड आवाजाचा समजत होते. निघाला तिशीतला, बारीक, माझ्याकडे न बघता माझ्या ओळखपत्राकडे बघून बोलणारा. आम्ही दोघं उभे राहिलो. बोलायला काहीच सुचेना. शेवटी तो म्हणाला, ‘तो रेझिस्टर नंतर टिकला का?’

‘टिकला असेल. लाइनच गेली.’

‘हो, तेही खरंच,’ म्हणाला, आणि त्याची बस आली.

दुसरी भेट गेल्या महिन्यातली, तीही अशीच, गेटवर, दोन मिनिटांची. त्याच रात्री साडेअकराला मेसेज आला. ‘ताई, मघाशी बोलायचं राहिलं.’ मग तासभर बोलणं झालं, लिहून. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून त्याचं भागत नाही. घरच्यांशी अजून बोललेला नाही, इथल्या बाकीच्या पाच जणांशी तर नाहीच. मी शीटबद्दल ग्रुपवर विचारलं होतं ते त्याच्या लक्षात होतं.

‘तुम्हाला मोठ्या शहरातून तेवीस जणांनी उत्तर दिलं होतं ना,’ त्याने लिहिलं. ‘त्यातलं कुणी बोलण्यासारखं आहे का?’